काहिली, पिंपं आणि फळ्या

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक यादी ऐका. दोन भल्यामोठ्या लोखंडी काहिली. विटा आणि चुना. जहाजाच्या पोटात रांगेनं रचलेली शेकडो लाकडी पिंपं, त्यातली बरीचशी पाण्यानं भरलेली. जादा फळ्यांची थप्पी. खारवलेलं मांस, बिस्किटं, पीठ. जहाज तीन डोलकाठ्यांचं, साधारण 300 टनी, आणि 1860 च्या आसपास अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरातून निघालेलं. ते कशाला निघालंय?

न्यू बेडफर्डचं शेंबडं पोरही सांगेल, देवमाशांच्या शिकारीला. पण नेमकं हेच सामान आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पाचशे माणसं कोंबून क्यूबाला गुलाम म्हणून विकायला नेणाऱ्या जहाजालाही लागायचं. एकाच जहाजाला हे दोन्ही धंदे कसे जमत, आणि खरा धंदा ओळखायचा कसा, ते आज बघू.

आधी शिकार. जहाजाच्या बाजूंना चार-पाच होड्या टांगलेल्या असत, प्रत्येक 28 ते 30 फूट लांब आणि सहा माणसांची. देवमासा दिसला की होड्या उतरायच्या, हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, मारायचा, मासा दमेपर्यंत दोर सोडत राहायचं. मेलेला मासा जहाजाच्या उजव्या अंगाला बांधायचा आणि त्याच्या कातडीखालचा चरबीचा जाड थर लांबच लांब पट्ट्यांत सोलून वर ओढायचा. पट्ट्या मधल्या मोठ्या झडपेतून खालच्या मजल्यावर जात. तिथं त्यांचे ठोकळे करायचे आणि ठोकळ्यांना पातळ चिरा द्यायच्या, पण तळाची कातडी तशीच ठेवायची, म्हणजे तुकडा पोथीच्या पानांसारखा उलगडतो आणि चरबी लवकर वितळते. मग काहिलीत.

गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायला नको. डेकवर, पुढच्या डोलकाठीच्या मागं, विटांचं चुलवण बांधलेलं असे आणि त्यात दोन काहिली शेजारी शेजारी. गुऱ्हाळात रस काढलेल्या उसाचीच चिपाडं जाळतात, तसंच इथं तेल सुटल्यावर उरलेला चोथा जळणाला वापरायचा. लाकूड लागायचं ते फक्त आग पेटवायला. फरक एवढाच की हे चुलवण लाकडी जहाजावर होतं. म्हणून विटांच्या खाली पाण्याचा उथळ हौद असे. त्यातलं पाणी आटलं आणि लक्ष गेलं नाही, तर डेक पेटायचं.

निवलेलं तेल पिंपांत भरायचं. अमेरिकन हिशेबात एक बॅरल म्हणजे साडेएकतीस गॅलन, सुमारे 119 लिटर. चांगली सफर झालेलं 300 टनी जहाज 2,000 बॅरल तेल सहज आणायचं, म्हणजे जवळजवळ 2,38,000 लिटर. एवढी जागा जाताना रिकामी ठेवून चालत नाही. जहाज हलकं पडून डोलतं, आणि कोरड्या पिंपाच्या पट्ट्या आकसून त्याला फटी पडतात. त्यामुळे बरीच पिंपं जाताना पाण्यानं भरलेली असत, ते पाणी बहुधा समुद्राचंच. बाकीची सुट्या पट्ट्यांच्या जुड्या करून न्यायची आणि लागतील तशी जहाजावरच्या कारागिरानं जोडायची. तेल भरल्यावरही त्यांच्यावर आठवड्यातून एकदोनदा पाणी मारावं लागे, नाहीतर तेल गळायचं.

आता दुसरा धंदा. त्यात सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. साधा हिशेब करा. 500 माणसं, माणशी दिवसाला दोन लिटर, काँगोच्या मुखापासून क्यूबापर्यंत 45 दिवस. एकूण 45,000 लिटर, आणि शिजवायचं पाणी वेगळं. एका मोठ्या पिंपात साडेनऊशे लिटर मावतं असं धरलं, तर पन्नासेक पिंपं लागतात. साध्या मालवाहू जहाजावर गोड्या पाण्याची पन्नास मोठी पिंपं दिसली तर कोणीही विचारेल. तेलाच्या जहाजात मात्र याच्या पाचपट जागा पिंपांसाठीच असते.

मग अन्न. पाचशे माणसांची कांजी शिजवायला मोठं भांडं हवं, आणि काहिली तर होत्याच. मग झोपायची जागा. पिंपांच्या वरच्या थरावर फळ्या अंथरल्या की जहाजाच्या पोटात आणखी एक मजला तयार. हा मजला आफ्रिकेला पोचल्यावर टाकायचा आणि क्यूबाला माणसं उतरली की उखडून समुद्रात फेकायचा. त्यावर माणसाला मिळणारी जागा किती? 1788 मध्ये इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या ‘ब्रूक्स’ या जहाजाचा नकाशा छापला गेला. त्यात पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा धरली होती, मुलीला साडेचार फूट लांब आणि एक फूट रुंद. मोजणीत जहाज 320 टनांचं भरलं. त्याच वर्षीच्या कायद्यानं 201 टनांपर्यंत दर तीन टनांमागं पाच आणि त्यापुढं टनाला एक माणूस अशी मर्यादा घातली होती. त्या हिशेबानं 454 येतात. त्याआधी याच जहाजानं एका खेपेत 609 माणसं नेली होती. म्हणजे नकाशातली ती दाटी कायद्यानं कमी करून दिलेली होती, हे विसरू नका.

ब्रिटनमध्ये 1 मे 1807 पासून कोणत्याही जहाजाला गुलाम आणायला निघण्याची परवानगी मिळेनाशी झाली. आधी परवानगी काढून ठेवलेलं ‘किटीज अमेलिया’ हे जहाज कॅप्टन ह्यू क्रोच्या हाताखाली जुलैमध्ये लिव्हरपूलहून सुटलं. तिथली शेवटची कायदेशीर खेप हीच. बेकार झालेली गुलामवाहू जहाजं कोणी वेस्ट इंडीजच्या साखरेला लावली, कोणी दक्षिण समुद्रातल्या देवमाशांच्या शिकारीला. जहाज बदलायला फार खर्च नव्हता. हवेसाठी पाडलेल्या खिडक्या बुजवायच्या, आतले माचे काढायचे, चुलवण बांधायचं आणि होड्या टांगायच्या. पन्नासेक वर्षांनी अमेरिकेत हाच प्रवास उलट्या दिशेनं झाला.

मधल्या काळात ब्रिटिश नौदल पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालत होतं. (याच नौदलाच्या हिंदी महासागरातल्या जहाजांनी सोडवलेली आफ्रिकी माणसं मुंबईत उतरवली जात. त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या वसाहतीत वाढली. आफ्रिकेत फिरलेले प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या मृतदेहासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तिथलाच.) गस्तीची पहिली अडचण अशी होती की जहाजावर प्रत्यक्ष बंदिवान सापडल्याशिवाय ते जप्त करता येत नसे. कॅप्टन रिकामं जहाज घेऊन किनाऱ्यालगत थांबायचा, आणि गस्त लांब गेली की काही तासांत माणसं भरून निघायचा. पाठलाग झालाच तर बंदिवानांना समुद्रात ढकलून पुरावा बुडवल्याचीही उदाहरणं आहेत.

यावर उपाय म्हणून ब्रिटन आणि स्पेनच्या 1835 च्या करारात सामानाचं कलम आलं. त्यानुसार माणूस नाही, तर सामान हाच पुरावा. बंद झाकणांऐवजी जाळीची झाकणं. पोटात किंवा डेकवर गरजेपेक्षा जास्त आडभिंती. दुसरा मजला टाकण्यासाठी कापून ठेवलेल्या फळ्या. बेड्या आणि साखळ्या. खलाशांच्या मानानं फार मोठं किंवा एकाहून जास्त शिजवायचं भांडं, जेवायच्या लाकडी परातींचा ढीग, गरजेबाहेरचा तांदूळ, मका किंवा मॅनिऑकचं, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचं, पीठ. आणि अर्थातच पाण्याची पिंपं. जादा पिंपांसाठी सुटण्याच्या बंदरातल्या जकात कचेरीचा दाखला लागे, की मालकांनी ती पाम तेलासाठी किंवा दुसऱ्या कायदेशीर व्यापारासाठीच वापरण्याची हमी दिली आहे. यातली एक गोष्ट सापडली तरी जहाज अडकायचं, आणि दोषी ठरलं तर तोडून तुकड्यातुकड्यांनी विकायचं, म्हणजे तेच जहाज पुन्हा त्याच धंद्यात दिसायला नको.

माझ्या मते त्या सगळ्या काळात याहून शहाणा कायदा झाला नाही. पण त्याला दोन भोकं होती. एक, अमेरिकेचा झेंडा. अमेरिकन जहाजाची झडती ब्रिटिशांनी घेतलेली वॉशिंग्टनला चालत नव्हती. 1842 च्या करारात अमेरिकेनं स्वतःचा गस्तीचा ताफा ठेवायचं कबूल केलं, पण त्याचा तळ बरीच वर्षं केप व्हर्ड बेटांवर होता, काँगोपासून फार दूर. दुसरं भोक म्हणजे आपलं तेलाचं जहाज. या यादीतला संशयास्पद माल त्याच्यावर उघडपणे, कागदपत्रांसकट असायचा. वर ही जहाजं तीन-चार वर्षं परत येत नसत, त्यामुळे कोणी वाट बघत नव्हतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ स्पर्म व्हेल जातीचे देवमासे मिळायचे, त्यामुळे तिकडे फिरकल्याचंही नवल नव्हतं.

1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघालं. देवमासे आधीच दुर्मिळ झाले होते, आता दिव्यासाठी स्वस्त रॉकेलही येऊ लागलं. न्यू बेडफर्डला म्हातारी जहाजं कवडीमोलानं मिळू लागली. क्यूबाच्या उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती.

मग जाणकारानं अशा जहाजावर काय बघायचं? पिंपं मोजून उपयोग नाही, त्यात पाणी कोणतं आहे ते चाखायचं. समुद्राचं असेल तर ते जहाज तोलायला. सगळंच गोडं असेल, तर ते कुणाला पाजायचं? पिंपं जुनी की नवी तेही बघायचं. तेल मुरलेल्या पिंपातलं पाणी काही दिवसांत इतकं घाण होतं की तोंडात घेववत नाही, त्यामुळे माणसं न्यायची तर पिंपं कोरीच लागतात. मग होड्या: त्या किती, त्यांचे दोर नवे की कुजके, हार्पूनला धार आहे की गंज. तीन वर्षांच्या सफरीला हार्पून डझनांनी लागतात, मोडतात, हरवतात. आणि शेवटी माणसं. शिकारीच्या जहाजावर पगार नसतो. आपल्याकडे रापणीत जसे वाटे पडतात, तसा तेलात प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो, कॅप्टनचा मोठा, नवशिक्याचा दीडशेवा-दोनशेवा. ज्या खलाशाला वाट्याची फिकीर नाही आणि रोख पगार ठरला आहे, तो तेलाच्या भरवशावर निघालेला नाही.

‘मार्गारेट स्कॉट’ हे असंच एक जुनं शिकारी जहाज. 1861 मध्ये, यादवी युद्ध सुरू झाल्यावर, ते न्यू बेडफर्डला शिकारीच्या नावाखाली सजवलं गेलं आणि सुटण्याआधीच जप्त झालं. या बेतामागचा ॲपलटन ओकस्मिथ 1862 मध्ये बोस्टनच्या न्यायालयात दोषी ठरला, पण तुरुंगातून पळून क्यूबाला पोचला. अमेरिकन कायद्यात माणसं गुलाम म्हणून जहाजानं नेण्याला 1820 पासूनच फाशी होती. ती प्रत्यक्षात झाली एकालाच, ‘एरी’ जहाजाचा कॅप्टन नॅथॅनिएल गॉर्डन, 21 फेब्रुवारी 1862 रोजी न्यूयॉर्कमध्ये. त्याच्या जहाजावर 897 बंदिवान सापडले होते, त्यात मुलं पुष्कळ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेनं ब्रिटनशी करार करून एकमेकांच्या जहाजांची झडती मान्य केली, सामानाच्या यादीसकट.

‘मार्गारेट स्कॉट’ मात्र तोपर्यंत समुद्राच्या तळाशी गेलं होतं. यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलाला दक्षिणेच्या बंडखोर राज्यांतल्या चार्ल्सटन बंदराच्या वाटा बुजवायच्या होत्या, म्हणून त्यांनी जुनी जहाजं, बहुतेक शिकारीचीच, विकत घेतली, त्यांत दगड भरले आणि 1861 च्या डिसेंबरपासून ती बंदराच्या तोंडाशी नेऊन बुडवली. जानेवारी 1862 च्या दुसऱ्या खेपेत ‘मार्गारेट स्कॉट’ होतं. जिथं तेलाची किंवा पाण्याची पिंपं रचायची, तिथं ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचे दगड रचले होते. त्याचाही उपयोग फारसा झाला नाही. जहाजं चिखलात रुतून फुटली आणि भरती-ओहोटीनं शेजारून नवी वाट कोरून घेतली.