स्वादुपिंडाचा कर्करोग: आधी जागा, आधी पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

आजचं बोलणं कर्करोग नोंदणीचं काम करणाऱ्यांसाठी. ही मंडळी रुग्णाला कधी भेटत नाहीत, पण त्याचा एकूण एक कागद वाचतात. विषय स्वादुपिंडाचा कर्करोग. मुख्य मुद्दा आधीच सांगतो, पुढेही सांगेन: गाठ कुठे उगवली आणि कोणत्या पेशीतून उगवली, हे आधी ठरवा. स्टेज, म्हणजे रोग किती पसरलाय ते, त्यानंतर.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं. उजवीकडे त्याचं डोकं, ड्युओडेनमच्या म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या वळणात बसलेलं. मग मान, मग धड, आणि डावीकडे प्लीहेकडे जाणारं शेपूट. नोंदणीत गाठीच्या जागेला कोड देतात: डोक्याचा सी २५.०, धडाचा सी २५.१, शेपटाचा सी २५.२. मानेला स्वतःचा कोड नाही, ती सी २५.७ मध्ये जाते. अहवालात 'अन्सिनेट प्रोसेस' असं वाचलंत तर तो डोक्याचाच भाग धरा. पित्तनलिका डोक्यातून खाली उतरते, म्हणून तिथली गाठ कावीळ आणते आणि माणूस डॉक्टरकडे जातो. धडातली किंवा शेपटातली गाठ बहुधा आवाज न करता वाढते, आणि सापडते तेव्हा पुष्कळदा यकृतापर्यंत पोचलेली असते.

आता एक गोष्ट ऐका. मला ती फार प्रिय आहे, आणि आपला सगळा विषय तिच्यात आहे.

न्यूयॉर्कमध्ये ॲलन व्हिपल नावाचे सर्जन होते. जन्म १८८१ सालचा, इराणमधल्या उर्मियाचा, आईवडील मिशनरी. डोक्याच्या गाठीसाठी जी मोठी शस्त्रक्रिया होते, स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम आणि पित्तनलिकेचा खालचा भाग एकत्र काढायची, ती यांच्याच नावानं ओळखली जाते. पण तशी शस्त्रक्रिया करणारे ते पहिले नव्हेत. बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी १९०९ मध्येच ती दोन टप्प्यांत केली होती आणि रुग्ण त्यातून उठला होता. एका माणसाचं नाव लागलं की बाकीच्यांचं पुसलं जातं, हे मला मुळीच पटत नाही. म्हणून काउश यांचं नाव मी प्रत्येक वेळी घेतो.

व्हिपल यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १९३५ साली लेख लिहिला. त्यात तीन रुग्ण होते. पहिला शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावला. आतडं शिवायला कॅटगट वापरलं होतं. कॅटगट म्हणजे प्राण्यांच्या आतड्यापासून केलेला धागा, आणि स्वादुपिंडाचा रस तर प्रथिनं पचवणाराच. त्या रसानं टाकेच पचवले. पुढच्या रुग्णांना रेशमाचा धागा वापरला. अपयश असं लिहून ठेवणारा सर्जन मला यश मिरवणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. शस्त्रक्रियेची टिपणंही त्याच दिवशी, सविस्तर लिहिली गेली पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. आठवड्यानंतर लिहिलेल्या टिपणातून गाठ कोणत्या धमनीला चिकटली होती हे कधीच नीट कळत नाही. असो, गोष्टीकडे येतो.

दोन टप्पे का लागत? कावीळ झालेल्या माणसात पित्त आतड्यात उतरत नाही. पित्त नाही तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही. ते नाही तर रक्त गोठत नाही. असा रुग्ण टेबलावरच रक्तस्रावानं जाई. म्हणून आधी पित्ताला दुसरी वाट काढून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, आणि काही आठवड्यांनी पुन्हा पोट उघडून गाठ काढायची. हेन्रिक डॅम यांनी के जीवनसत्त्व शोधून काढल्यावर ही अडचण सुटायला लागली.

मग आलं १९४० साल. मार्च महिना. व्हिपल पाहुण्या सर्जनांसमोर शस्त्रक्रिया करत होते. निदान होतं जठराच्या खालच्या टोकाच्या कर्करोगाचं. पोट उघडून पाहतात तर गाठ जठराची नाहीच, स्वादुपिंडाच्या डोक्यातली! आता काय करायचं? रुग्णाला कावीळ नव्हती, म्हणजे रक्तस्रावाचं ते जुनं भय नव्हतं. व्हिपल यांनी ठरवलं: दोन टप्पे नकोत, आजच, एकाच बैठकीत. आणि डोकं, ड्युओडेनम, सगळं एकत्र काढलं. रुग्ण बरा होऊन घरी गेला, आणि पुढे नऊ वर्षं जगला.

नऊ वर्षं! स्वादुपिंडाच्या कर्करोगात, तेही आजची एकही केमोथेरपी नसताना. हे कसं झालं याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली होतं. ती गाठ नेहमीची, नलिकेच्या अस्तरातून निघणारी ॲडेनोकार्सिनोमा नव्हती. ती आयलेट पेशींची होती, म्हणजे हॉर्मोन तयार करणाऱ्या पेशींच्या बेटांतली. आज आपण तिला न्यूरोएंडोक्राइन म्हणू. पुढे ती यकृतात पसरलीच, पण तिची चाल संथ होती. आणि १९३५ चा तो गाजलेला लेख? तो होता ॲम्पुलाच्या कर्करोगावर. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडतात त्या जागेच्या. ॲम्पुलाचा कोड सी २४.१, स्टेजिंगच्या पुस्तकातला अध्यायही निराळा. शस्त्रक्रिया तीच, रोग मात्र तीन. म्हणून 'व्हिपल केलं' एवढ्या एका ओळीवरून कुणी सी २५.० लिहिलं तर मला चैन पडत नाही. पॅथॉलॉजीचा अहवाल उघडा आणि केंद्र कुठे होतं ते वाचा. जागा आधी, पेशी आधी.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा स्टेज भराभर. २०१८ पासूनच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांना एजेसीसीची, म्हणजे स्टेजिंगचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या पुस्तकाची, आठवी आवृत्ती लागते. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिका ग्रंथी. ॲडेनोकार्सिनोमात टी १ म्हणजे २ सेंटिमीटरपर्यंत, टी २ म्हणजे २ हून अधिक पण ४ पर्यंत, टी ३ म्हणजे ४ हून मोठी. टी ४ मात्र मापावर नाही: सीलिअॅक, सुपीरियर मेसेंटेरिक किंवा कॉमन हिपॅटिक, यांपैकी एखादी धमनी गाठीत सापडली तर गाठ कितीही लहान असो, टी ४. धमनी, शीर नव्हे. पुन्हा सांगतो, धमनी. १ ते ३ लसिका ग्रंथी बाधित म्हणजे एन १, ४ किंवा अधिक म्हणजे एन २, आणि एन २ आलं की दूरचा प्रसार नसतानाही स्टेज ३. ॲडेनोकार्सिनोमा ड्युओडेनममध्ये शिरली म्हणून टी वाढत नाही. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर शिरला तर टी ३ होतो. पेशी चुकली तर टी चुकला, तो असा. आणि पेशी अगदी बिघडलेली, हाय-ग्रेड न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा असेल, तर ती पुन्हा ॲडेनोकार्सिनोमाच्याच अध्यायात.

उपचारांबद्दल दोनच शब्द. निदानाच्या वेळी काढण्याजोगी गाठ असणारे रुग्ण थोडे, साधारण पाचातला एक. शेपटाच्या गाठीला डिस्टल पॅन्क्रिएटेक्टॉमी, म्हणजे शेपटाकडचा भाग काढायची शस्त्रक्रिया, करतात आणि बहुधा प्लीहाही जाते. फोलफिरिनॉक्स, किंवा जेमसायटाबिनबरोबर नॅब-पॅक्लिटॅक्सेल, ही केमोथेरपी शस्त्रक्रियेआधी दिली असेल तर नंतरच्या स्टेजला 'वायपी' ही उपचारानंतरची खूण लावायचं विसरू नका, आणि उपचारापूर्वीची क्लिनिकल स्टेज स्वतंत्र लिहा. पित्तनलिकेत स्टेंट घातला तर कावीळ उतरते, गाठीला काही होत नाही. तो कर्करोगावरचा उपचार म्हणून नोंदवू नका. सीए १९-९ चा, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या खुणेचा, आकडा उपचार सुरू होण्यापूर्वीचा घ्या. पित्त अडलं तरी तो चढतो, आणि लुइस अँटिजेन (रक्तगटाची एक खूण) नसलेल्या माणसांत गाठ मोठी असूनही तो चढत नाही, म्हणून त्या एका आकड्यावरून निदान ठरवू नका.

नमस्कार.