कमरेला 99 मिलिमीटर

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहानशा मशीनशॉपमध्ये, लेथशेजारच्या लोखंडी टेबलावर, आज स्कीची एक जोडी ठेवलेली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात थंडी पडते, धुके उतरते, जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस अक्षरशः कोसळतो. बर्फ मात्र आम्ही उसाच्या रसातच पाहतो. त्यामुळे दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी व्हर्नियर हातात घेतला तेव्हा पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘एवढी रुंद फळी पायाला बांधून डोंगर चढायचा? काय की बा, मला तरी पटत नाही.’’

मापे त्यांनीच घेतली. टोकाकडे 129 मिलिमीटर, मध्यभागी 99, शेपटीकडे 116. मधल्या मापाला स्कीची कंबर म्हणतात आणि स्की रुंद की अरुंद हे तिच्यावरूनच ठरते. लांबी 178 सेंटिमीटर. तराजूवर एका स्कीचे वजन भरले 1,440 ग्रॅम.

ही स्की गुलमर्गच्या दाबून गुळगुळीत केलेल्या उतारासाठी घेतलेली नाही. जिथे लिफ्ट नाही आणि कोणी बर्फ दाबून ठेवलेला नाही, अशा डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढायचे आणि मग उतरायचे, या प्रकाराला बॅककंट्री टूरिंग म्हणतात. चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवतात. मोहेअर किंवा नायलॉनचे तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असल्याने ती पुढे सरकते, मागे मात्र घसरत नाही. बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगमध्ये बुटाचे टोक अडकलेले आणि टाच मोकळी असते; माथ्यावर स्किन काढून टाच बंद केली की तीच स्की उतरायला तयार होते.

रुंदीचे कारण काकांना समजावण्यासाठी खानापूरच्या भातशेताकडे जावे लागले. चिखलणी झाल्यावर शेत सपाट करायला फळी फिरवतात. जिथे माणसाचा पाय पोटरीपर्यंत रुततो, तिथेच ती फळी, वर माणूस उभा असूनही, चिखलावरून तरंगत जाते. ताज्या, भुसभुशीत बर्फातही हेच घडते. सामानासह 85 किलोचा माणूस नुसत्या बुटांवर उभा राहिला तर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 150 ग्रॅमचा भार पडतो. अशा रुंद स्कीच्या जोडीवर तोच भार 25 ग्रॅमच्या आत येतो. जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गच्या अफरवत शिखराच्या पाठीमागच्या उतारांवर मांडीइतका कोरडा बर्फ साचतो, तेव्हा या फरकावरच उतरण्याचा सगळा आनंद अवलंबून असतो.

मग 120 मिलिमीटरची का घेऊ नये? तराजूचे काम इथे सुरू होते. हजार मीटरची चढाई बारा अंशांच्या वाटेने केली, तर चाल सुमारे 4,800 मीटर होते. 60 सेंटिमीटरचे पाऊल धरले तर आठ हजार पावले, म्हणजे प्रत्येक पायाची चार हजार. एका स्कीचे वजन 400 ग्रॅमने वाढले तर त्या एका पायाने दिवसभरात 1,600 किलो जास्तीचे पुढे सारलेले असते. हा हिशोब कागदावर मांडल्यावर काका प्रथमच गप्प झाले, कारण दिवसभर कास्टिंग उचलणाऱ्या माणसाला दीड टन म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय रुंद स्कीला स्किनही रुंद लागते, आणि स्कीच्या पाठीवर ओला बर्फ साचून गोठला की तराजूने न दाखवलेले वजनही पायाला लागते. हलक्या रंगाची पाठ उन्हात कमी तापते, म्हणून तिच्यावर बर्फ वितळून चिकटण्याचे प्रमाण कमी राहते. नक्षी पाहून स्की निवडणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

हे शहाणपण मला आधी नव्हते. पहिल्या वर्षी मी जुनी, 116 मिलिमीटरची जोडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. भुसभुशीत बर्फात ती उत्तम चालली. पण मार्चमधल्या एका पहाटे, रात्रभर गोठून काचेसारख्या झालेल्या उतारावर आडवे चालताना, रुंद स्कीची कड बुटाच्या मध्यापासून दूर असल्यामुळे प्रत्येक पावलाला ती घोट्याला पिळत होती. तासाभराच्या त्या चालीत मी उताराकडे पाहिलेच नाही, फक्त घोट्यांकडे पाहिले.

हलकेपणाचीही किंमत असते. हलक्या स्कीच्या गाभ्यात पॉलोनियासारखे लाकूड असते, ज्याची घनता अ‍ॅश किंवा बीच या झाडांच्या लाकडाच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि त्यावर काचतंतू किंवा कार्बनतंतूंचे थर असतात. ती ताठ असते, पण कंप पोटात घालत नाही. खडबडीत, तुटलेल्या बर्फावर ती थरथरते आणि ढेकळाला आपटून बाजूला उडते. 1,200 ग्रॅमच्या आतली रुंद स्की ज्याचे तंत्र पक्के आहे त्याने जरूर वापरावी. वर्षातून जेमतेम दहा दिवस बर्फ पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र, माझ्या मते, 95 ते 102 मिलिमीटर कंबर आणि 1,400 ते 1,500 ग्रॅम वजन हीच मर्यादा मानवते. त्यापुढचे ग्रॅम बुटात आणि बाइंडिंगमध्ये वाचवावेत. टोकाला दोन खिळ्यांनी बूट धरणारी हलकी बाइंडिंगे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांच्या 1980च्या दशकातल्या कल्पनेतून आली आणि त्यांनीच पायावरचे सर्वांत मोठे ओझे उतरवले.

हिमस्खलनाचे गणित वेगळे आहे; 30 ते 45 अंशांच्या उतारावर स्की कितीही रुंद असली तरी ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्या माणसाचा ठाव देणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे यांना पर्याय नाही.

आता ही जोडी इथे, उद्यमबागेत का आली ते सांगतो. एका मोठ्या शहरातल्या दुकानात बाइंडिंग बसवताना 4.1 मिलिमीटरचे ड्रिल वापरले गेले. ते माप गाभ्यावर धातूचा पत्रा असलेल्या स्कीचे. या स्कीत पत्रा नाही, नुसते मऊ लाकूड आहे, आणि तिला 3.6 मिलिमीटरचे छिद्र हवे होते. तिसऱ्या दिवशी टाचेचे स्क्रू जागच्या जागी फिरू लागले. काकांनी स्क्रू बोटानेच बाहेर काढला, भोकात टॉर्च मारून पाहिले आणि म्हणाले, ‘‘आटे पडलेलेच नाहीत. आमच्याकडचा पोरगासुद्धा असं भोक मारणार नाही.’’

जुन्या छिद्रांत त्यांनी कठीण लाकडाच्या खुंट्या इपॉक्सीने बसवल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी ड्रिलला 9 मिलिमीटरवर पितळी कॉलर चढवली, कारण त्याहून खोल गेले तर तळच फुटतो. चारही छिद्रे सव्वा इंच पुढे, ताज्या लाकडात मारावीत का, हा विचार त्यांनी बोलून दाखवला आणि लगेच मागे घेतला : बूट पुढे सरकला तर टोक बर्फात बुडेल, हे त्यांना फळीवरून आपोआप कळले होते. शेवटचा स्क्रू हाताने आवळताना ते थांबले, पाव फेरा मागे घेतला, पुन्हा आवळला.

गोवा एक्स्प्रेसच्या बर्थखाली 178 सेंटिमीटरची पिशवी जेमतेम बसते. ती बसवून झाल्यावर काकांनी खिडकीतून 3.6चे ते ड्रिल, तेलकट कागदात गुंडाळलेले, माझ्या हातात ठेवले.