ओबैद सिद्दिकी : बुरशी, जीवाणू आणि माशी

संशोधकाचा प्रभाव मोजायचा म्हटले की हल्ली त्याच्या शोधनिबंधांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, हा आकडा पुढे केला जातो. जीवशास्त्रज्ञ ओबैद सिद्दिकी यांच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो, आणि तो का पडतो हे त्यांच्या कामातूनच पाहावे लागते.

१९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात जन्मलेले सिद्दिकी अलिगढला शिकले आणि ग्लासगो येथे ग्विडो पाँतेकॉर्वो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ॲस्परजिलस या बुरशीतील एका जनुकाच्या अंतर्गत रचनेवर पीएच.डी. केली. त्यानंतर अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर केलेले काम मला अधिक मोलाचे वाटते. ई. कोलाय जीवाणूत अल्कलाइन फॉस्फेटेझ हे विकर बनवण्याची क्षमता उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकातील बदलाने, गेलेली असताना, भलत्याच ठिकाणच्या एका जनुकातील बदलामुळे ती काही प्रमाणात परत येत असे. हा दुसरा बदल फॉस्फेटेझच्या जनुकातील वेगवेगळ्या जागांचे दोष झाकत होता, पण सगळे नाही, विशिष्ट प्रकारचेच. याचा अर्थ असा लावता येत होता की काही जनुकीय संकेत, म्हणजे प्रथिन बनवण्याच्या सूचनेतील तीन-तीन अक्षरांचे शब्द, एका जीवाणूला निरर्थक ठरतात, तर दुसऱ्याला ते वाचता येतात. हा निबंध १९६२ मधला. १९६५ साली गॅरेन आणि सिडनी ब्रेनर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे अशा निरर्थक संकेताची अक्षरे निश्चित केली, तेव्हा सिद्दिकी मुंबईत होते.

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि गणित व भौतिकशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला. जीवाणूंच्या संयोगात डीएनए एका पेशीतून दुसरीत कसा जातो, हा त्यांचा तिथला पहिला मोठा विषय होता. त्यात नाव मिळालेले असताना, सत्तरच्या दशकात त्यांनी तो बाजूला ठेवून माशीचे वर्तन हाती घेतले. प्रस्थापित माणसाने असे करणे सोपे नसते.

कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्यासह त्यांनी फळमाशीचे असे म्यूटंट (जनुकात बदल झालेले वाण) अभ्यासले, जे तापमान वाढताच लुळे पडतात. चाचणी साधी होती. कुपीत माश्या घेऊन ती गरम करायची. साध्या माश्या फिरत राहतात, म्यूटंट तळाशी कोसळतात. काही म्यूटंट कुपी थंड होताच उठून चालू लागतात, तर एक जात थंड झाल्यावरही बराच वेळ निपचित पडून राहते. तिचे नावच ‘कोमाटोज’ पडले. मग स्नायू आणि चेतापेशींतील विद्युत संकेत नोंदवून बिघाड कुठे आहे याचा शोध घेतला गेला. १९७६ च्या या निबंधातल्या कोमाटोजचे जनुक कोणते, हे कळायला जवळजवळ दोन दशके जावी लागली. ते एनएसएफ या प्रथिनाचे निघाले. जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने ते प्रथिन पेशींतून आधीच वेगळे केले होते. पेशीतील पुटिका (इवल्या पिशव्या) पेशीच्या पटलाशी एकरूप होण्याच्या प्रक्रियेत ते आवश्यक असते, आणि चेतापेशींमधला रासायनिक निरोप याच प्रक्रियेतून पुढे जातो. पेशीतील या वाहतुकीच्या शोधासाठी रॉथमन आणि इतर दोघांना नोबेल जाहीर झाले ते २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये. सिद्दिकी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये गेले होते.

आकड्यांचा हिशेब चुकतो तो इथे. जनुकाची ओळख पटली की पुढचे लोक ती ओळख पटवणाऱ्या निबंधाचा संदर्भ देतात. मूळ माशी मात्र बाटलीतून बाटलीत, एका प्रयोगशाळेतून दुसरीत जात राहते आणि तिच्यावर नवे प्रयोग होत राहतात.

या हिशेबात न येणारा दुसरा भाग माणसांचा. त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी गंध आणि चव ओळखण्यात दोष असलेल्या माश्या शोधल्या आणि १९७८ साली दोघांनी मिळून त्यावर लिहिले. फळमाशीतील गंधग्राहकांची जनुके १९९९ साली इतरत्र सापडली, परंतु त्याच्या वीस वर्षे आधी हा प्रश्न आनुवंशिकीच्या वाटेने सोडवता येईल, असे मानून मुंबईत काम चालू होते. महाबळेश्वरला भरणाऱ्या आधुनिक जीवशास्त्राच्या चर्चासत्रांतून तरुण संशोधकांना जगभरचे शास्त्रज्ञ जवळून भेटू लागले. नव्वदच्या दशकात बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले, तेव्हा सिद्दिकी त्याचे संस्थापक संचालक होते. ते पद १९९६ मध्ये के. विजयराघवन यांच्याकडे गेले, आणि सिद्दिकी त्याच केंद्रातील आपल्या प्रयोगशाळेत माशीच्या गंधस्मृतीवर काम करत राहिले.