पेठेची टीम

[दृश्य: वरून दिसणारं शाहू स्टेडियम. पायऱ्या भरत आल्या आहेत. मागे कुठेतरी हलगी.]

शाहू स्टेडियम आज जिथं आहे, तिथं पूर्वी पाणी होतं. रावणेश्वराचं तळं. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. कपिलतीर्थ बुजवलं, तिथं मंडई भरायला लागली. वरुणतीर्थ बुजवलं, त्याचं गांधी मैदान झालं. आणि रावणेश्वराच्या जागी फुटबॉल आला. शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान, त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती, नाटक आणि फुटबॉल, तिन्ही हाकेच्या अंतरावर. कोल्हापूरच्या माणसाला आणखी काय लागतं विचारलंत तर तो म्हणेल, "तांबडा-पांढरा. तो बी जवळच मिळतो."

मी शिवाजी पेठेतला. म्हणजे टीम कुठली, हे विचारायचं कारणच नाही.

जगात लोक क्लब निवडतात. कुणाला एखादा खेळाडू आवडतो, कुणाला जर्सीचा रंग. आमच्याकडं ते पेठ ठरवते. शिवाजी पेठेत अर्ध्या शिवाजी पुतळ्याच्या आसपास वाढलात की शिवाजी तरुण मंडळ. मंगळवार पेठेत जन्मलात की पाटाकडील तालीम. आता शिवाजी पेठेतच खंडोबा तालीम आहे, संध्यामठ आहे, त्यामुळं एकाच पेठेत गल्ली बदलली की निष्ठाही बदलते. शिवाय दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, उत्तरेश्वर... शहराच्या लीगच्या सीनियर गटात सोळा संघ. एवढ्याशा शहरात! आणि यातला एकही व्यावसायिक क्लब नाही. कुणी उद्योगपतीनं विकत घेतलेला नाही. वर्गणीवर चालतो.

[दृश्य: तालमीचं दार. आत लाल माती, भिंतीला टेकवलेली गदा, वरच्या फळीवर ढालींची रांग.]

हे बाहेरच्या माणसाला समजावताना माझी नेहमी पंचाईत होते. पुण्यात चाकणला कंपनीतले मित्र विचारतात, "तालीम म्हणजे कुस्तीची ना? मग फुटबॉल कुठून आला?"

कुस्तीतूनच आला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, तशा पेठापेठांतून तालमी भरल्या. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी पोरं दाराशी जमलेली. म्हणजे अंगात रग असलेली पोरं, त्यांना हाक मारणारा वस्ताद आणि सगळ्यांनी एकत्र बसायला एक जागा, हे आधीच तयार होतं. संस्थानी काळात राजघराण्यानं फुटबॉललाही पाठबळ दिलं. चेंडू आला आणि तालमीनं तो सरळ आत घेतला. गणपती बसवणारं मंडळ तेच, शिवजयंती करणारं तेच, पूर आला की पाण्यात उतरणारं तेच आणि अकरा जण मैदानावर उतरवणारंही तेच. म्हणून आमच्याकडं टीम हरली की फक्त खेळ हरत नाही, पेठेची मान खाली जाते. हे चांगलं की वाईट, यावर मी पुढं बोलणार आहे.

वडील उद्यमनगरात लेथवर होते. लीग सुरू झाली की मोठ्या मॅचच्या दिवशी दुपारची सुट्टी टाकायची, हा त्यांचा नेम. घरी यायचं, हातपाय धुवायचे, ऑइलचा वास तरी जायचा नाहीच, आणि मला सायकलच्या नळीवर बसवून निघायचं. दुपारी दोनची मॅच छोट्या संघांची, चारची खरी. पण वडील दोनपासून बसायचे. म्हणायचे, "नवं पोरगं दोनच्या मॅचमधीच कळतंय. चारला सगळी तयार होऊन येतात."

ते खरं होतं. त्यांनी मला फुटबॉल बघायला शिकवला तो असा, की चेंडूकडं बघायचंच नाही. चेंडू नसताना बॅक, म्हणजे मागं आडवणारा, कुठं उभा आहे ते बघ. विंगला, म्हणजे कडेनं, धावणारा मागं येतोय का बघ. मी शेंगा फोडत बघायचो. गोल झाला की मात्र हे सगळं शिक्षण गुंडाळून आम्ही दोघं अनोळखी माणसांच्या गळ्यात पडायचो.

[दृश्य: पायऱ्यांवरचे प्रेक्षक. उन्हात डोक्यावर घेतलेले रुमाल, भडंगाच्या पुड्या.]

पायऱ्यांवर कुठं कोण बसणार, हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण चुकायचंही नाही. आमची माणसं एका अंगाला, पाटाकडीलची दुसऱ्या. मधे तटस्थ, म्हणजे त्या दिवशी ज्यांची मॅच नाही ते. त्यांचं काम दोन्हीकडं काड्या घालायचं. माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण, लग्न होऊन मंगळवार पेठेत गेली होती. सणाला माहेरी आली की लाडाची. मॅचच्या आठवड्यात आली की आज्जी विचारायची, "गं, तू आता कुणाकडनं?"

आत्ती शांतपणे म्हणायची, "मी पाटाकडीलकडनं. मी जेवून जातो, पण टीम तीच."

आज्जी वाढायची, पण भाकरी जरा जोरात ताटात पडायची.

1986 सालचा वर्ल्ड कप मला अंधुक आठवतो. दूरदर्शननं तो दाखवला. मेक्सिकोत दुपारी बाराला फायनल सुरू व्हायची म्हणजे आपल्याकडं रात्री साडेअकरा. गल्लीत टीव्ही मोजके. एका घरात खिडकीला टीव्ही लावून बाहेर सतरंज्या. अर्जेंटिनानं पश्चिम जर्मनीला 3-2 नं हरवलं आणि मॅराडोनाचा फोटो दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये लागला, अमिताभच्या बरोबरीनं. तेव्हापासून आमच्याकडं अर्जेंटिनावाले आणि ब्राझीलवाले अशी एक वेगळी फाळणी आहे, ती आजही मिटलेली नाही. 2022 ला तर चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे गणपतीच्या कमानीएवढे कटआउट उभे होते. टीव्हीवाले पुण्या-मुंबईहून आले आणि "कोल्हापूरकरांचं हे वेड" म्हणून बातमी करून गेले. कटआउटचंच कौतुक झालं. त्यांच्या मागं हाकेच्या अंतरावर ज्यांची लीगची तयारी चालली होती, त्या पोरांकडं कॅमेरा वळला नाही. वळायला हवा होता.

मी स्वतः खेळायचो ते गांधी मैदानावर. म्हणजे मूळच्या वरुणतीर्थावर. पावसाळ्यात जोराचा पाऊस झाला की मैदान आपलं जुनं रूप धरतं, कडेपर्यंत पाणी. मग आम्ही कोरड्या कोपऱ्यात चारला चार खेळायचो. मी बॅक. दमसास चांगला, पाय मंद. वस्ताद म्हणायचे, "तू आडवायला बरा हाईस. पुढं नगं जाऊस." आयुष्यात मला कुणी इतकं अचूक जोखलेलं नाही.

[दृश्य: पहाटेची पुणे-कोल्हापूर बस. किणीचा टोलनाका मागे पडतो.]

नोकरी लागली आणि कोल्हापूर सुटलं. आमच्या वर्गातले अर्धे तरी असेच गेले, कुणी चाकण, कुणी भोसरी, कुणी मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. सुरुवातीला एसटीडी बूथवरून निकाल विचारायचो. चुलतभाऊ फोन उचलला की आधी सांगायचाच नाही. "जेवलास का? खोलीवर पाणी येतंय का?" एवढं सगळं झाल्यावर, आवाज पाडून, "टायब्रेकरला गेली रं." म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टीत हरलो. त्याच्या "जेवलास का" वरूनच मला कळायचं. जिंकलो असतो तर पहिला शब्द "भावा!" आला असता.

आता मॅच यूट्यूबवर थेट दिसते. दुबईतला माणूस बघतो, न्यू जर्सीतला बघतो. मी कंपनीच्या कँटीनमध्ये हेडफोन लावून बघतो. कॉमेंट्री अस्सल कोल्हापुरी, क्रॉस पास हुकला की कॉमेंटेटरच "अरारारा" करतो. सोय झाली, नाही असं नाही. पण स्क्रीनवर कॅमेरा चेंडूच्या मागं धावतो. बॅक कुठं उभा आहे ते दिसत नाही. वडिलांची शिकवण तिथं फुकट जाते.

[दृश्य: पोलीस बंदोबस्त. जाळीमागचे प्रेक्षक.]

आता मघाचं राहिलेलं.

पेठेची मान मैदानावर लागलेली असली की कधी कधी ती फारच ताठते. हुल्लडबाजी झाली आहे. दगड पडले आहेत, खेळाडू भिडले आहेत, स्पर्धा मध्येच थांबल्या आहेत. शिट्टी वाजवणाऱ्या पंचाच्या आईबापाचा उद्धार होतो. तो पंच मात्र उद्या सकाळी आपल्याच शेजारी दूध कट्ट्यावर उभा असतो. हे रांगडेपण आहे, असं म्हणून आमच्यातले बरेच जण हसण्यावारी नेतात. मला ते पटत नाही. रांगडा माणूस हरल्यावर हात मिळवतो. खासबागेत कुस्ती झाल्यावर दोघं मल्ल एकमेकांच्या गळ्यात पडलेले मी पाहिले आहेत. ती रीत तालमीतून फुटबॉलबरोबर शाहू स्टेडियमपर्यंत यायला हवी होती. अंतर तर काहीच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. चषक वाढले, बक्षिसं वाढली, तशी बाहेरचे खेळाडू आणायची चढाओढ लागली. नायजेरियाची पोरं आली. आमच्या गल्लीतल्या एका खोलीत त्यातलं एक राहायचं. उंचपुरा, अबोल, हेडिंगला कुणाला ऐकायचा नाही. दोन महिन्यांत "काय भावा" म्हणायला शिकला, रस्सा ओरपायला शिकला, आणि त्याच्या पहिल्या गोलनंतर पेठेनं त्याला गुलालात असा न्हाऊ घातला की ओळखू येईना. त्याच्याविषयी माझी तक्रार काहीच नाही. तो आमच्यासाठी मनापासून खेळला. तक्रार ही, की त्याच्या जागेवर खेळू शकलं असतं असं एक पोरगं त्या वर्षी बेंचवर बसून राहिलं आणि पुढच्या वर्षी रिक्षा चालवायला लागलं. लीग त्या पोरासाठी आहे, असं मी मानतो. पेठेत माझ्याशी याबाबत सहमत होणारे थोडे, कारण चषक सगळ्यांना हवाच असतो. मलाही.

आणि या लीगच्या वर काय? हा प्रश्न आमच्याकडं फार विचारला जात नाही. पेठेत हिरो झालास की झालास. चौकात फ्लेक्स लागतो, लग्नात पाहुणे ओळखतात. तिथंच पोरगं सुखावतं. ज्याला त्याच्या पुढं जायचं, त्याला कोल्हापूर सोडावंच लागतं. अनिकेत जाधवनं ते सोडलं. लहान वयात पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला. 6 ऑक्टोबर 2017 ला दिल्लीत भारत अमेरिकेविरुद्ध सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळायला उतरला. फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमधली भारताची ती पहिलीच मॅच. पुढं आघाडीला कोल्हापूरचा पोरगा. आपण 3-0 नं हरलो. पण त्या रात्री कोल्हापुरात हरल्यासारखं कुणी वागलं नाही. पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, सगळे एका टीव्हीसमोर, हे मी तेव्हाच पाहिलं. पुढं 20 मार्च 2022 ला गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादनं केरळ ब्लास्टर्सला टायब्रेकरवर हरवून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली, त्या हैदराबादच्या संघातही तो होता. टायब्रेकर म्हटल्यावर आमचे हात आपोआप गार पडतात. त्या दिवशी निकाल आमच्या बाजूनं लागला, एवढंच.

[दृश्य: गांधी मैदान, सकाळ. मुलींचा सराव. प्लास्टिकचे कोन, शिट्टी.]

वडील आता थकलेत. पायऱ्या चढवत नाहीत. मॅचच्या दिवशी मी पुण्याहून आलो की ते विचारतात, "दोनची बघणार हाईस न्हवं?" मी हो म्हणतो आणि खरंच दोनला जाऊन बसतो. आल्यावर त्यांना गोल सांगून चालत नाही. कोण मागं आला, कोण आला नाही, ते सांगावं लागतं.

हल्ली माझ्याबरोबर चुलतभावाची मुलगी येते. शाळेच्या टीमकडून खेळते. 2019-20 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी कोल्हापूर सिटी नावाचा आपला संघ उतरला होता, हे तिला पाठ आहे. पेठेतल्या बऱ्याच बाप्यांना माहीतही नाही. ती विंगला खेळते, आणि मागंही येते. मागच्या खेपेला तालमीच्या कट्ट्यावर तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, पेठेची पोरींची टीम कवा काढायची?"

तात्या म्हणाले, "बघू की."

ती म्हणाली, "बघू नको. वर्गणीचं पुस्तक द्या, मी गोळा करतो."

दोघा-तिघांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तात्यांनी उठून कपाट उघडलं, आणि गणपतीतलं उरलेलं अर्धं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. पहिली पावती तिनं माझ्या नावानं फाडली. रक्कम तिनंच ठरवली होती, आणि ती पुण्याच्या पगाराला साजेशी होती.