आधी पोट राखा
(परभणीत कलाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, बोलायचंय 'मोदक' या फॉन्टवर, पण आधी सेलूच्या एका भिंतीपाशी जाऊ. मी सहावीत होतो. जिनिंगच्या भिंतीवर गल्लीतले पेंटरकाका 'सरकी पेंड' लिहीत होते, पुरुषभर उंचीची अक्षरं. रंगाचा डबा माझ्या हातात. चुन्याच्या भिंतीवर निळीत भिजवलेली दोरी ताणून फटकारली की शिरोरेषेची आखणी झाली. 'स', 'र' झपाझप उरकले. 'की' लिहिताना काका थबकले. जाड ब्रश फिरवला की 'क'चं पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, बुजतं. त्यांनी तिथे बोटभर पांढरी फट राखली आणि म्हणाले, "पोटात वारं खेळू दे, न्हाई तं अक्षर गुदमरतं." वर्गात मी आजही आधी हेच शिकवतो.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचा 'मोदक' ही फट पार टोकाला नेतो. आधी हातानं रेखाटलेली ही अक्षरं, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी त्यांचा पूर्ण देवनागरी फॉन्ट केला. अक्षर इतकं गुबगुबीत की पोटाच्या जागी उरते फक्त एक बारीक पांढरी रेघ. त्या रेघेवरच सगळं वाचन तोललेलं आहे. संगणकावर नुसता 'ठळक' दाबून असं अक्षर येत नाही. प्रत्येक वळणाला पांढरं किती ठेवायचं, हे हातानंच ठरवावं लागतं.

आणि म्हणूनच माझा जीव तुटतो! आमच्या स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स एका दुकानात दिला. त्यांनी शीर्षक 'मोदक'मध्ये घेतलं, फार छान दिसलं. पण खालची कार्यक्रमपत्रिकाही त्यातच, बोटाच्या पेराएवढी. रेघा बुजल्या. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ गेली की उरतो 'व'. पहिलीच्या पोरांचं 'बडबडगीत' झालं 'वडवडगीत'! पालक हसले, मीही हसलो. पण महिनाभर गीत बसवणाऱ्या बाईंचा चेहरा मला बघवेना.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा वापराचं भराभर सांगतो. 'मोदक' दोन-तीन शब्दांसाठी: दुकानाची पाटी, खाऊचं पाकीट, बालअंकाचं मुखपृष्ठ. अक्षर मोठंच हवं. फॉन्टला एकच जाडी आहे, म्हणून खालच्या मजकुराला दुसरा साधा फॉन्ट घ्या. त्याच मंडळींचा 'बलू' घेतलात तर गोलाईही जुळते. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरले तरी पैसे पडत नाहीत. आणि पाटीवर 'लातूर' लिहाल तेव्हा 'ल' पाकळीचा, म्हणजे हिंदी नव्हे तर मराठी वळणाचा, आहे ना, एवढं बघाच. शासनानं २००९ साली पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवलाय.

जेवणानंतर सगळ्यांनी एकच अक्षर काढायचं आहे, 'ब'. ब्रश इंचभर रुंद, कागद पूर्ण. पोटातल्या पांढऱ्याची जागा आधी पेन्सिलीनं राखून घ्या, मगच रंगात ब्रश बुडवा.