बाहेर जाणाऱ्याची नोंद

कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता किती वाजता बंद होणार, याची बातमी कुणीतरी फेसबुकवर टाकतं. तुम्ही लिंक दाबता, वर्तमानपत्राची साइट उघडते. मध्ये काही घडलं असं वाटतही नाही. आता तीच लिंक कॉम्प्युटरवर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. बहुतेक वेळा पत्ता 'एल डॉट फेसबुक डॉट कॉम'ने सुरू होतो आणि बातमीचा खरा पत्ता त्याच्या पोटात सापडतो. म्हणजे तुम्ही आधी फेसबुकच्याच सर्व्हरकडे जाता. कोणत्या खात्यावरून, कधी, कुठे निघालात हे त्याला कळतं, मग तो पुढे सोडतो. सोसायटीत आत येणाऱ्याचं नाव वहीत लिहितात. इथे बाहेर जाणाऱ्याचं.

ही नुसती चहाडी आहे असं मी म्हणणार नाही. फेसबुकने ही सोय २००८ मध्ये केली ती फसव्या साइट अडवायला. पोस्ट टाकताना चांगली असलेली साइट नंतर बिघडू शकते. तपासणी दाबण्याच्या क्षणी होत असल्याने जुन्या पोस्टवरही इशारा देता येतो. 'आज रात्री वीज तोडू' असे मेसेज ज्यांना आलेत, त्यांना याचं मोल सांगायला नको.

पण नाका ज्याचा, मर्जी त्याची. ट्विटर २०११ पासून प्रत्येक लिंक स्वतःच्या 'टी डॉट सीओ'वरून नेऊ लागलं. ऑगस्ट २०२३ मध्ये, नाव एक्स झाल्यावर, न्यूयॉर्क टाइम्स, रॉयटर्स, फेसबुक, इन्स्टाग्राम अशा ठरावीक ठिकाणी जाणाऱ्या लिंका सुमारे ५ सेकंद रखडू लागल्या. वॉशिंग्टन पोस्टने बोभाटा केल्यावर वाट मोकळी होऊ लागली. इतका वेळ कोण थांबतो?

दुसरी गोष्ट शेपटाची. पत्त्याच्या शेवटी 'एफबीसीएलआयडी' आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ दिसते ना? २०१८ पासून फेसबुक ती जोडतं. पुढच्या साइटवर फेसबुकची मालक कंपनी मेटा हिचा 'पिक्सेल', म्हणजे पाहुण्यांच्या हालचाली कळवणारा छोटा कोड, बसवलेला असेल, तर तुमची खरेदी आणि आधीचं क्लिक यांची गाठ मारता येते. आपण ते शेपूट तसंच व्हॉट्सॲपवर ढकलतो. फॉरवर्ड करण्यापूर्वी ते खोडा. मात्र प्रश्नचिन्हापासून सरसकट पुसू नका. यूट्यूबच्या साध्या पत्त्यात व्हिडिओचा क्रमांक प्रश्नचिन्हानंतरच असतो, तोच उडेल. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये लिंक साफ करून कॉपी करण्याची सोय आहे, आयफोनवर २०२३ पासून मेसेज आणि मेलमध्ये काही शेपटं आपोआप गळतात.

मोबाइलवर प्रकरण आणखी पुढे जातं. तिथे साइट बऱ्याचदा ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि आत तुम्ही काय दाबता, काय लिहिता हे पाहणं ॲपला शक्य असतं. म्हणून कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा, विशेषतः पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर टाकायचा असेल तेव्हा. नाक्यावरची नोंद तेवढ्याने पुसली जात नाही, ती आधीच झालेली असते.