तेल, तार आणि पत्रे

(दृश्य: पहाट. काचेच्या नळीत निळसर द्रव. मागे हँगरचं अर्धं उघडं दार.)

विमानाचं पेट्रोल निळं असतं. चटकन ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंगवलेलं. पंखाखालच्या छोट्या झडपेतून नळीभर काढायचं आणि उजेडासमोर धरायचं. रंग बरोबर आहे ना? कचरा नाही ना? पाणी असेल तर ते तळाशी गोळ्यासारखं वेगळं बसतं. तसा एखादा गोळा दिसला, की नळी ओतून द्यायची, परत भरायची, परत बघायची. पाणी येणं थांबेपर्यंत.

आपण अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात आहोत. विमान आहे सेस्ना १७२. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पंख डोक्यावर असलेलं. १९५६ मध्ये कॅन्सस राज्यातून हे मॉडेल बाजारात आलं आणि आजवर अशी ४४ हजारांहून जास्त विमानं बनली. अमेरिकेत विमान शिकलेल्या कितीतरी जणांनी पहिला धडा याच सीटवर बसून घेतला.

मालक निवृत्त गृहस्थ आहेत. खासगी वैमानिकाचा परवाना, आणि रविवारी मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत ठरलेली जागा. चित्रीकरणाला त्यांनी एकच अट घातली: नाव घ्यायचं नाही. आम्हाला वाटलं, संकोची असतील. कारण वेगळं निघालं. ते नंतर.

(दृश्य: लाकडी बाकावर वही. पानाच्या मधोमध पेन्सिलीची उभी रेघ.)

हिशेबाची वही साधी आहे. रेघेच्या डावीकडे विमानाचा खर्च, उजवीकडे मोझांबिक, आफ्रिकेतला देश. मधला नियम त्यांनीच ठरवलेला. विमानाचं जे काम कायदा त्यांना स्वतःच्या हातानं करू देतो, ते स्वतः करायचं. आणि त्या कामाची मेकॅनिकला जी मजुरी द्यावी लागली असती, ती उजवीकडे लिहायची. वर्षअखेरीला उजव्या बाजूची बेरीज करून तेवढे पैसे मोझांबिकमधल्या चर्चच्या बांधकामाला जातात.

कायदा काय करू देतो? अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची, म्हणजे एफएएची, यासाठी एक यादीच आहे. किरकोळ देखभालीची. विमान प्रवासी-वाहतुकीच्या धंद्यात नसेल, तर परवानाधारक वैमानिक आपल्या विमानाचं तेल बदलू शकतो, टायर बदलू शकतो, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरू शकतो, स्पार्क प्लग काढून साफ करू शकतो, दिव्याचा बल्ब लावू शकतो. त्यापलीकडे हात लावायचा तर मेकॅनिक हवा.

आज तेलाचा दिवस.

(दृश्य: इंजिनावरचं झाकण उतरतं. तळाशी बादली. काळं तेल.)

इंजिन आधी थोडं चालवून घेतलंय. तेल गरम असलं की मळ सोबत घेऊन निघतं. पूर्ण भरलं तर आठ क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसात लिटर तेल या इंजिनात मावतं. दर पन्नास तासांच्या उड्डाणानंतर ते बदलायचं.

पण तेल ओतणं हा यातला सोपा भाग. खरं काम फिल्टरचं. जुना फिल्टर फेकत नाहीत, कापतात. पत्र्याचं डबडं गोल कापून आतला घड्या घातलेला कागद बाहेर काढायचा, पसरायचा, आणि सोनार ज्या नजरेनं बघतो त्या नजरेनं बघायचा. चकाकी दिसते का? दिसली तर लोहचुंबक फिरवायचं. चिकटली तर पोलाद, नाही चिकटली तर बहुधा ॲल्युमिनियम. कुठला धातू आणि किती, यावरून आत काय झिजतंय याचा अंदाज येतो. आज कागदावर काळ्या काजळीशिवाय काही नाही. गृहस्थांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटत नाही. त्यांनी कागद पिशवीत घालून तारीख टाकली, पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला.

मग प्लग. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन, एकूण आठ. ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारे मॅग्नेटोही दोन, एकमेकांपासून पूर्ण वेगळे. बॅटरी मेली तरी इंजिन चालत राहतं. खालच्या बाजूच्या प्लगमध्ये शिशाचे बारीक गोळे अडकतात, कारण या निळ्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं आहे. मोटारींच्या पेट्रोलमधून ते कधीच गेलं, इथून जाता जाईना. दाभणासारख्या टोकानं ते गोळे उकरायचे, मग खालचे प्लग वर आणि वरचे खाली, म्हणजे झीज सारखी होते.

आमचा कॅमेरामन मदतीला पुढे झाला आणि एक प्लग त्याच्या हातून सुटला. सिमेंटवर टण्णकन. गृहस्थांनी तो उचलला, पुसला आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. आतल्या चिनी मातीला तडा गेला असेल तर बाहेरून दिसत नाही. नवा प्लग डावीकडे लिहिला. कॅमेरामनचे पैसे घेतले नाहीत, पण त्यानंतर त्याला काही हातात दिलंही नाही.

(दृश्य: अगदी जवळून. पक्कड, पीळ घातलेली बारीक तार.)

नवा फिल्टर बसला. आता तार. मिलिमीटरपेक्षाही बारीक, पोलादी, दुहेरी पीळ घातलेली. फिल्टरच्या डोक्यावरल्या छिद्रातून ओवून इंजिनाच्या ठरलेल्या जागी बांधायची. गंमत दिशेची आहे. इंजिनाच्या कंपनानं फिल्टर सैल व्हायला लागला, तर तारेनं त्याला उलट घट्ट ओढलं पाहिजे. दुसऱ्या बाजूनं बांधली तर ती नुसती शोभेची. त्यांनी बांधली, बोटानं दाबली, नापसंत पडली, कापली. दुसऱ्यांदा बांधली.

वर्षातून एकदा मात्र त्यांना बाजूला व्हावं लागतं. दर बारा महिन्यांनी संपूर्ण तपासणी, आणि ती विशेष अधिकार असलेल्या मेकॅनिकनंच करायची. विमान उघडं पडतं. फरशीचे पत्रे निघतात, आतल्या केबल आणि कप्प्या तपासल्या जातात, प्रत्येक सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून किती टिकतो ते मोजतात. सीटचे रूळसुद्धा. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल; पण या जातीच्या विमानात उड्डाणाच्या वेळी नाक वर होताना सीटची खिट्टी निसटून वैमानिक मागे सरकल्याचे आणि विमान हातचं गेल्याचे अपघात झालेत. म्हणून १९८७ पासून रुळांच्या भोकांची झीज मोजण्याचा सक्तीचा आदेश आहे. या तपासणीचं बिल डाव्या बाजूची सगळ्यात लांब ओळ असते.

मग सरळ प्रश्न आम्ही विचारलाच. विमान विकलं तर उजवी बाजू एका झटक्यात भरेल की? ते हसले. हा प्रश्न घरात दरवर्षी निघतो म्हणाले, तपासणीचं बिल आलं की. उत्तर त्यांनी दिलं नाही. आम्हीही ताणलं नाही, पण प्रश्न मिटला असं काही आम्हाला वाटलेलं नाही.

(दृश्य: नकाशा. आफ्रिकेचा आग्नेय किनारा. नारळाची झाडं, वाळू, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती.)

मोझांबिक. इन्यांबाने प्रांत. नारळ, काजू आणि वाळू. मेथडिस्ट मिशनचं काम या भागात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनचं, आणि मिसूरीतल्या मेथडिस्ट मंडळ्यांचं इथल्या मंडळ्यांशी नातं जुनं आहे. विमानानं तिथे जायचा प्रश्नच येत नाही. हे विमान अटलांटिक ओलांडण्यासाठी बनलेलं नाही. पैसे मंडळीमार्फत आणि चर्चच्या मिशन खात्यामार्फत जातात.

इथे चर्च बहुतेक वेळा झाडाखाली सुरू होतं. माणसं जमतात, उपासना होते, मग जोतं उभं राहतं. ठोकळे साच्यात घालून तिथेच पाडतात, पाणी मारून वाळवतात. वाळू हाताशी असते, मेहनत मंडळीची. सिमेंटची पोती जमतील तशी. भिंती उभ्या राहतात आणि काम थांबतं, कारण छपराला रोख पैसा लागतो. कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, लाकूड, पन्हळी पत्रे. पोर्तुगीजमध्ये पत्र्याला ‘शापा’ म्हणतात, आणि मोझांबिकमध्ये माणसं कोंबून नेणाऱ्या छोट्या बसलाही शापाच. तेव्हा शापा यायचाय असं कुणी म्हणालं तर कुठला, ते विचारून घ्यावं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये दिनेओ नावाचं चक्रीवादळ याच प्रांताच्या किनाऱ्यावर आदळलं. घरं, शाळा, दवाखान्यांची छपरं गेली. त्याचे फोटो या हँगरमध्ये पोचले, तेव्हा आमच्या गृहस्थांची नजर उडालेल्या पत्र्यांवर नव्हती. मागे उरलेल्या लाकडांवर होती. खिळे जागच्या जागी होते, किंवा लाकडातून उपसून निघाले होते. पत्रा फाटला नव्हता. तो उडाला होता.

हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं.

(दृश्य: सेस्नाचा पंख. मग उतरतं छप्पर. दोन्ही एकाच चौकटीत.)

छपरावरून वारा वेगानं गेला की वरचा दाब कमी होतो. दारं-खिडक्यांतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणजे छप्पर पंखासारखं वागतं, फक्त कुणी तसं सांगितलेलं नसताना. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वर ओढणारं बल चौपट. सगळ्यात जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. म्हणून मैदानात उभं विमान तीन जागी बांधून ठेवतात: दोन्ही पंखांना एकेक दोर आणि शेपटीला एक. छपरालाही तेच हवं. खिळ्याऐवजी वाशाला कवेत घेणारे आकड्याचे बोल्ट, खाली रुंद वॉशर, कडेला ते जवळजवळ, आणि कैची भिंतीला बांधणारी पोलादी पट्टी, जी थेट जोत्यापर्यंत ओढ पोचवते.

तेव्हापासून वहीची उजवी बाजू चर्च म्हणून जात नाही. बोल्ट, वॉशर आणि पट्ट्या म्हणून जाते. देणगी मागणाऱ्याला हे अडचणीचं असतं, खरं सांगायचं तर. घंटेसाठी, क्रुसासाठी, व्यासपीठासाठी देणारे मिळतात. वॉशरसाठी कोण देतं? त्यात समुद्राची खारी हवा. जस्ताचा मुलामा गेला की पत्र्याला भोकाशीच गंज धरतो. म्हणून एक ओळ दरवर्षी नव्या वॉशरची आणि रंगाच्या डब्याची. बांधकाम संपल्यावरही.

(दृश्य: इंग्लंड, ब्रिस्टल. जुन्या प्रार्थनागृहाचं शांत दालन.)

आता ती नावाची अट. त्यासाठी १७३९ मध्ये जावं लागतं.

मेथडिस्ट पंथाची सर्वांत जुनी वास्तू ब्रिस्टलमध्ये आहे. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ती त्या वर्षी बांधायला घेतली आणि सुरुवातीला अकरा विश्वस्त नेमले. मित्रांनी सावध केलं: प्रवचन पटलं नाही तर ही अकरा माणसं तुम्हालाच बाहेर काढतील. वेस्लींनी विश्वस्त रद्द केले आणि कर्जाचा भार स्वतःवर घेतला. पुढे त्यांनी प्रचारकांसाठी नियम घातला: प्रार्थनागृहं साधी आणि नेटकी बांधा, टाळता न येणारा तेवढाच खर्च करा, नाहीतर पैसा उभा करायला श्रीमंत लागतील, आणि मग त्यांचंच राज्य चालेल. १७६३ मध्ये तर मालमत्तेच्या दस्ताचा नमुनाच तयार झाला. वास्तू देणाऱ्याची नाही, त्या गावच्या मंडळीचीही नाही. संपूर्ण पंथासाठी विश्वस्त म्हणून धरलेली. या तत्त्वावरून पुढे कोर्टकज्जे पुष्कळ झाले, हेही खरं.

गृहस्थांना हा इतिहास पाठ आहे. चर्चवर दात्याच्या नावाची पाटी लागली, की दाता छपराकडे मालकाच्या नजरेनं बघायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते थोडं टोकाचं वाटलं. पाटीवरचं नाव वाचून दुसरा कुणी पुढे येतोच की. त्यांना ते मान्य नाही.

(दृश्य: उन्हाळा. गवतावर खुर्च्या, रांगेत मुलं. सेस्ना धावपट्टीकडे वळतं.)

एक वाट आणखी आहे. खासगी वैमानिकाला उड्डाणाचे पैसे कमावता येत नाहीत. सोबत्यांशी खर्च वाटून घेतला तरी स्वतःचा वाटा भरावाच लागतो. पण मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेसाठी निधी जमवायला लोकांना फिरवून आणायची मुभा आहे. त्याला अटी आहेत. वैमानिकाचे पाचशे तास झालेले हवेत, उड्डाण दिवसाउजेडी, विमानतळापासून २५ मैलांच्या आत, एफएएला सात दिवस आधी कळवून. आणि एका वैमानिकाला वर्षातून असे चारच कार्यक्रम. ते एकच करतात. दिवसभरात माणसं चढतात, उतरतात, शेतं आणि नदी बघतात. त्या दिवशीचं पेट्रोल डावीकडे, तिकिटं उजवीकडे.

(दृश्य: परत हँगर. इंजिन चालू, मग बंद. टॉर्चचा प्रकाश फिल्टरवर.)

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलंय. टॉर्च घेऊन ते फिल्टरच्या बुडाशी ओलावा शोधतात. बोट फिरवून बघतात. कोरडं आहे.

मग लॉगबुक. हे मात्र बिननावी चालत नाही. कायदा सांगतो: काय काम केलं, कुठल्या तारखेला, परवान्याचा प्रकार आणि क्रमांक, आणि खाली सही. त्यांनी चष्मा पुसला, तेल आणि फिल्टर बदलल्याचं लिहिलं, फिल्टर कापून तपासल्याचं लिहिलं, एक प्लग नवा असल्याचं लिहिलं. सही करताना कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि पानावर आडवा हात धरला.

(दृश्य: हात, त्यामागे पान. दार सरकतं.)